रोग गेल्यानंतरचा हात

भाताच्या मुलखांत माणसाच्या हाताला जें मोल आहे, तें क्वचितच दुसऱ्या कशाला असेल. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यांतील दिघाशी हें अशाच मुलखांतलें एक गांव. राब भाजण्यापासून खळ्यावर भात झोडण्यापर्यंत जेवढीं म्हणून कामें आहेत, त्यांपैकीं एकही खांदा न उचलतां पुरें होत नाहीं. आवणीच्या दिवसांत चिखलांत वांकून रोपांच्या मुठी लावणारी बाई, कापणीनंतर भारा डोक्यावर घेणारा गडी, किंवा भिवंडीच्या यंत्रमागावर तुटलेलें सूत जोडणारा कामगार, यांपैकीं कोणाचाही हात खांद्याच्या वर जाईनासा झाला, तर जीव शाबूत असूनही संसार अर्धा बसतो. कर्करोगाच्या चिकित्सेचा इतिहास सांगतांना ही गोष्ट पुष्कळदां राहून जाते. रोग कापून काढणाऱ्या शस्त्रवैद्यांचीं नांवें ग्रंथांत आलीं. परंतु कापल्यानंतर मागें उरलेला हात, मान, जबडा आणि पाय पुन्हां कामास लावणारांची हकीकत फारशी कोणी सांगितली नाहीं. त्यांच्या विद्येला भौतिकोपचार म्हणतात. लोकांच्या तोंडीं फिजिओथेरपी हें नांव रुळलें आहे. औषधाऐवजीं हालचाल, व्यायाम, मर्दन, शेक व आधार यांच्या साहाय्यानें शरीराची गेलेली शक्ति परत आणणें, हें तिचें काम. कर्करोगाच्या बाबतींत ही विद्या फार उशिरां पुढें आली. ती उशिरां कां आली, आणि आल्यावर तिनें काय शिकविलें, हें पाहण्यासारखें आहे.

कर्करोग कांहीं आजचा नव्हे. सुश्रुतसंहितेंत अर्बुद या नांवानें न पिकणाऱ्या, खोल रुजलेल्या गांठींचें वर्णन आहे. ग्रीक वैद्यांना अशा गांठीभोंवतालच्या फुगलेल्या शिरा खेंकड्याच्या नांग्यांप्रमाणें दिसल्या, आणि त्यावरून रोगाला खेंकड्याचें नांव मिळालें. पण शेंकडों वर्षें रोग बरा झाल्यानंतरचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण रोगी उरतच नसे. १८४६ सालीं ईथरची गुंगी देऊन शस्त्रक्रिया करतां येते हें बोस्टन येथें सिद्ध झालें, आणि १८६७ मध्यें लिस्टर यांनीं जंतुनाशकाचा उपयोग प्रसिद्ध केला. तेथून पुढें शस्त्रवैद्याच्या हाताला धीर आला. मोठमोठ्या गांठी काढून रोगी जिवंत घरीं जाऊं लागले, आणि त्यांच्याबरोबर एक नवें दुखणेंही घरीं जाऊं लागलें.

अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें विल्यम हॉल्स्टेड नांवाचे एक थोर शस्त्रवैद्य होते. स्तनाच्या कर्करोगावर त्यांनीं १८९४ सालीं आपल्या ५० शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांची पद्धति अशी कीं, नुसती गांठ न काढतां सबंध स्तन, त्याखालचे छातीचे स्नायु आणि बगलेंतील सर्व ग्रंथी एकत्रच काढावयाच्या. त्यापूर्वीं त्याच जागीं रोग पुन्हां उठत असे, तें प्रमाण या पद्धतीनें पुष्कळ उतरलें. म्हणून पुढें सत्तर-पाऊणशें वर्षें जगभर हीच शस्त्रक्रिया प्रमाण मानली गेली. परंतु छातीचा स्नायु गेल्यामुळें हाताचा जोर जाई, जखमेचा व्रण आखडला म्हणजे खांदा जखडे, आणि कित्येक स्त्रियांचा हात सुजून खांबासारखा होई. १९२१ सालीं स्वतः हॉल्स्टेड यांनीं या सुजेवर एक लेख लिहिला व तिला शस्त्रजन्य हत्तीरोग अशा अर्थाचें नांव दिलें. ज्या मुलखांत हत्तीपाय पाहिलेला आहे, तेथें या नांवाचा अर्थ फोडून सांगावयास नको.

ही सूज कां येते, तें समजून घेण्याजोगें आहे. शरीरांत रक्ताच्या वाहिन्यांखेरीज लसीका नांवाच्या पाण्यासारख्या रसाच्या अगदीं बारीक वाहिन्या असतात. हातांतील हा रस बगलेंतील ग्रंथींतून गाळून पुढें छातींत रक्ताला मिळतो. शेताचें पाणी जसें बांधाच्या तोंडांतून खालच्या खाचरांत उतरतें, तसाच हा प्रकार. तें तोंडच काढून टाकलें किंवा क्ष-किरणांनीं आखडलें, कीं पाणी वरच तुंबतें. या रसाला हृदयासारखा ढकलणारा एक मोठा पंप नाहीं. वाहिन्यांचें स्वतःचें आकुंचन आणि भोंवतालच्या स्नायूंची हालचाल, यांवरच त्याचें वाहणें अवलंबून असतें. याचा अर्थ असा कीं, सुजेच्या भीतीनें हात गळ्यांत बांधून स्वस्थ ठेवला, तर रसाला पुढें ढकलणारी एक मोठी शक्तिच आपण काढून घेतो. परंतु हें कळावयास बराच काळ जावा लागला.

हिंदुस्थानच्या दृष्टीनें दुसरी एक शस्त्रक्रिया याहूनही महत्त्वाची आहे. १९०६ सालीं क्लीव्हलंड येथील जॉर्ज क्राइल यांनीं तोंडाच्या व घशाच्या कर्करोगांत मानेच्या सर्व ग्रंथी एकत्र काढण्याची पद्धति मांडली. मानेंतून एक बारीकसा मज्जातंतु जातो. मानेपासून पाठीवर व खांद्यावर पसरलेल्या मोठ्या स्नायूला तो चालना देतो. क्राइल यांच्या मूळ पद्धतींत तो तोडावा लागे. मग खांदा खालीं लोंबे, पाठीचा फरा बाहेर येई, हात बाजूनें वर जाईनासा होई, आणि रात्रंदिवस ठणका लागे. पुढें १९६० नंतर स्वारेझ व बोक्का या शस्त्रवैद्यांनीं तो तंतु राखून ग्रंथी काढण्याची रीत रूढ केली. तरी तंतु राखला म्हणून खांदा लगेच पूर्वीसारखा होतो असें नाहीं. शस्त्रक्रियेंत ताणला गेलेला तंतु महिनोन्‌महिने सुस्त राहतो, आणि तेवढ्या काळांत खांद्याकडे लक्ष दिलें नाहीं तर सांधा आंतल्या आंत धरून बसतो.

इकडे भौतिकोपचाराची विद्या वेगळ्याच वाटेनें वाढत होती. स्वीडनमध्यें पेर हेन्रिक लिंग यांनीं १८१३ सालीं स्टॉकहोम येथें व्यायामाची राजमान्य संस्था काढली, आणि रोग्यांसाठीं शास्त्रशुद्ध व्यायामाची पद्धति बसविली. लंडनमध्यें १८९४ सालीं, म्हणजे हॉल्स्टेड यांचा वृत्तांत निघाला त्याच वर्षीं, चार परिचारिकांनीं मर्दनाच्या धंद्याला शिस्त व प्रतिष्ठा यावी म्हणून एक मंडळ स्थापन केलें. त्याला १९२० मध्यें राजसनद मिळाली. पहिल्या महायुद्धांत हातपाय जायबंदी झालेले हजारों शिपाई परत आले, आणि त्यांच्या निमित्तानें या विद्येची खरी कसोटी लागली. मग बालपक्षाघाताच्या सांथी आल्या. शिपाई आणि मूल, या दोघांविषयीं लोकांचा समज असा कीं, यांचें आयुष्य पुढें आहे, यांना उभें केलेंच पाहिजे. कर्करोग झालेल्याविषयीं तसा समज नव्हता. त्याचे दिवस मोजलेले आहेत, त्याला व्यायाम कसला सांगावयाचा, असें घरचे म्हणत. आणि हालचालीनें सूज वाढेल, मर्दनानें रोग पसरेल, या भीतीनें डॉक्टरही विश्रांतीच सांगत. या विद्येला कर्करोग्याच्या खाटेपाशीं पोंचण्यास जो उशीर झाला, त्याचें मुख्य कारण हें होतें.

मुंबईंतील कर्करोगचिकित्सेचा आरंभ एका दुःखांतून झाला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें विलायतेंत वारल्या. त्यांच्यावर तेथें जे उपचार झाले, तसे उपचार स्वदेशांतील लोकांस मिळावेत असें दोराबजींच्या मनानें घेतलें. परंतु पुढच्याच वर्षीं जून महिन्यांत तेही निवर्तले. त्यांच्या मागें सर नवरोजी सकलातवाला व जे. आर. डी. टाटा यांनीं तो संकल्प पुढें चालविला, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळच्या गिरणगांवांत टाटा स्मारक रुग्णालयाची सातमजली इमारत उघडली. आरंभीं तेथें ८० खाटा होत्या. १९५७ मध्यें मध्यवर्ती सरकारच्या आरोग्य खात्यानें त्याचा कारभार हातीं घेतला, आणि १९६२ पासून तें अणुशक्ति खात्याकडे आहे. त्याच्या शेजारच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचें नांव आहे. या रुग्णालयांत आयुष्य वेंचलेले ते एक नामांकित शस्त्रवैद्य होते.

टाटा रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर किंग एडवर्ड स्मारक रुग्णालय आहे, तें १९२६ पासून. १९५० च्या सुमारास मुंबईंत बालपक्षाघाताची सांथ आली, तेव्हां लुळीं पडलेलीं मुलें उभीं करण्यास शिकलेलीं माणसें देशांत जवळजवळ नव्हतींच. तीं तयार करण्यासाठीं या रुग्णालयांत १९५३ मध्यें भौतिकोपचाराची शाळा निघाली. जागतिक आरोग्य संघटना, मुंबई सरकार व मुंबईची महानगरपालिका यांनीं मिळून हें काम केलें, आणि देशांतील अशा प्रकारची ती पहिली शाळा होय. दोनच वर्षांनीं, १९५५ मध्यें, भौतिकोपचार करणारांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली; हाजी अली येथील भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्थाही त्याच वर्षाची. अशा रीतीनें रोग कापून काढण्याची विद्या आणि कापलेलें अंग चालतें करण्याची विद्या, या दोन्ही परळच्या एकाच वस्तींत येऊन राहिल्या. एक दोराबजींच्या शोकांतून आली, दुसरी लुळ्या पडलेल्या मुलांच्या गरजेंतून. आज टाटा रुग्णालयांत भौतिकोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे, आणि कर्करोगावरील उपचारांत त्याला स्वतःचें स्थान आहे.

या विभागांत प्रत्यक्ष काय घडतें? स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला पहिल्याच दिवसापासून बोटें मिटणें-उघडणें, मनगट व कोंपर हलविणें आणि दीर्घ श्वास घेणें, एवढें सांगतात. जखमेंतील पाणी काढणारी नळी निघाली, म्हणजे खांद्याची पाळी येते. भिंतीसमोर उभें राहून बोटांनीं पायरी पायरीनें वर चढावयाचें आणि रोज जेथें हात पोंचला तेथें खडूची रेघ ओढावयाची. दोन्ही हातांत आडवी काठी धरून चांगल्या हाताच्या जोरानें दुखरा हात वर न्यावयाचा. पाठीमागें हात नेऊन चोळीची गांठ बांधण्याचा प्रयत्न करावयाचा. यांत लागणारीं उपकरणें म्हणजे एक भिंत, एक काठी आणि रोजची चिकाटी. इंग्लंडमध्यें ज्यांचा खांदा आखडण्याचा धोका अधिक, अशा ३९२ स्त्रियांवर केलेल्या चांचणीचा निकाल २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसती पुस्तिका दिली त्यांच्यापेक्षां, ज्यांना शिक्षित माणसानें आठवड्या-दीड आठवड्यांत व्यायाम शिकविण्यास आरंभ केला त्यांचा हात वर्षअखेरीस अधिक कामाचा राहिला.

हाताला सूज आलीच, तर तिचेही उपाय आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विनिवार्टर या शस्त्रवैद्यांनीं हलकें मर्दन व घट्ट पट्टी यांचा मार्ग दाखविला होता. डेन्मार्कच्या एमिल व्होडर यांनीं १९३६ सालीं पॅरिस येथें लसीकेला वाट करून देणाऱ्या हळुवार मर्दनाची पद्धति मांडली. आजचा उपचार चार अंगांचा आहे. त्वचेची निगा, हळुवार मर्दन, अनेक पदरी पट्टी किंवा घट्ट बाही, आणि ती बांधलेली असतांना करावयाचा व्यायाम. मनगटापासून ठराविक अंतरांवर फीत लावून दोन्ही हातांचा घेर मोजतात, आणि त्यावरून उतार पडला कीं नाहीं तें ठरवितात. सूज आरंभींच ओळखली तर ती आटोक्यांत राहते. वर्षें गेलीं म्हणजे आंतलें मांस कठीण होतें आणि मग ती पुरती उतरत नाहीं. म्हणूनच हात जड वाटूं लागणें किंवा बांगडी रुतूं लागणें, ही क्षुल्लक गोष्ट समजूं नये.

तोंडाच्या कर्करोगाची हकीकत याहून कष्टाची आहे. तंबाखू, मशेरी, सुपारी व गुटखा यांमुळें आपल्या देशांतील पुरुषांत हा रोग फार आढळतो. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली, तरी आधींचें व्यसन शरीरांत राहून पुढें फळ देतच असतें. या रोगांत गालांत गांठ असून मानेंत कांहींच हाताला लागत नसेल, तेव्हां मानेच्या ग्रंथी लगेच काढाव्या कीं वाट पाहावी, असा जगांतील शस्त्रवैद्यांचा जुना वाद होता. त्याचा निर्णय परळलाच झाला. डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं टाटा रुग्णालयांतील ५०० रोग्यांचा निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध केला. आरंभींच ग्रंथी काढलेल्यांपैकीं तीन वर्षांनंतर शेंकडा ८० हयात होते. वाट पाहिलेल्यांपैकीं सुमारें ६७. म्हणजे मानेची शस्त्रक्रिया केल्यानें जीव वाचतात हें निर्विवाद ठरलें. परंतु याचा दुसराही अर्थ आहे. जितक्या अधिक माना उघडल्या जातील, तितके अधिक खांदे जपावे लागतील. शस्त्रविद्येचा हा विजय भौतिकोपचारावर नवें ऋण चढवून गेला.

खांद्याबरोबर जबडाही आहे. निरोगी माणसाच्या तोंडांत उभीं धरलेलीं तीन बोटें सहज जातात. शस्त्रक्रिया व किरणोपचार झाल्यावर जबड्याचे स्नायु आखडतात आणि कित्येकांच्या तोंडांत एक बोटही जाईनासें होतें. मग भाकरी सुटते, दांत घासतां येत नाहींत, आणि रोग परतला कीं काय हें पाहण्यासाठीं डॉक्टरांना तोंडांत डोकावतांही येत नाहीं. यावरचा उपाय अगदीं साधा आहे. आईस्क्रीमबरोबर मिळणाऱ्या चपट्या लांकडी काड्या एकावर एक रचून दातांच्या मध्यें धरावयाच्या, आणि कांहीं दिवसांनीं त्यांत आणखी एक काडी सरकवावयाची. किरणांचा परिणाम महिनोन्‌महिने आंत चालूच असतो. म्हणून हा व्यायाम किरणोपचार संपला तरी संपत नाहीं. ज्यानें तो सोडला, त्याचें तोंड हळूहळू मिटत जातें.

छातीच्या किंवा अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर रोगी दुखण्याच्या भीतीनें उथळ श्वास घेतो. कफ सांठतो आणि फुप्फुसाला सूज येते. म्हणून तीन चेंडू असलेलें श्वासाचें लहानसें यंत्र त्याच्या हातीं देतात, आणि शस्त्रक्रियेच्या आधींपासूनच श्वास ओढून चेंडू वर उचलण्याची संवय करवितात. हाडाच्या कर्करोगांत पूर्वीं पाय तोडण्यावांचून गति नसे. हल्लीं पुष्कळदां रोगट हाड काढून तेथें धातूचें हाड बसवितां येतें, पण त्या पायावर चालावयास नव्यानें शिकावें लागतें. कांहीं औषधांनीं तळपायांतील मज्जातंतु बधिर होतात. शहरांतील माणूस चप्पल घालून फिरतो; भाताच्या खाचरांत अनवाणी उतरणाऱ्या शेतकऱ्याला मात्र रुतलेला कांटा किंवा गोगलगायीचा शिंपला कळतही नाहीं, आणि बांधावरून तोल जातो. अशा माणसाला तोल सांवरण्याचे व्यायाम आणि रोज रात्रीं दिव्याजवळ तळपाय तपासण्याची संवय, हीं दोन्ही शिकवावीं लागतात.

विश्रांतीचें जुनें मत कसें मोडलें, हा या इतिहासांतील सर्वांत उद्बोधक भाग होय. कॅनडांतील व्हँकूव्हर येथें डॉ. डॉन मॅकेंझी यांनीं १९९६ सालीं स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या २४ स्त्रियांना एका लांब होडीचें वल्हें मारावयास शिकविलें. हात वारंवार व जोरानें चालविला तर सूज येईलच, असा तेव्हांचा समज होता. हंगाम संपला तरी त्यांपैकीं एकीलाही नव्यानें सूज आली नाहीं. २००९ सालीं अमेरिकेंतील कॅथरिन श्मिट्झ यांनीं याहून पुढचें पाऊल टाकलें. ज्यांच्या हाताला आधींच सूज होती अशा १४१ स्त्रिया त्यांनीं निवडल्या. त्यांतील निम्म्यांना घट्ट बाही घालून, थोड्या वजनापासून आरंभ करून, वर्षभर वजनें उचलावयास लाविलें. त्यांची सूज इतरांहून वाढली नाहीं. उलट ती उसळण्याचे प्रसंगच कमी झाले. ज्या स्त्रियांना जन्मभर घागर उचलूं नका म्हणून सांगितलें जात होतें, त्यांच्याविषयींचा हा निष्कर्ष होता.

त्यानंतर प्रश्न हाताच्या पलीकडे गेला. आतड्याचा कर्करोग होऊन शस्त्रक्रिया व औषधोपचार पुरे झालेल्या ८८९ रोग्यांची एक मोठी चांचणी मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथें झाली, आणि तिचा निकाल जून २०२५ मध्यें आला. अर्ध्या रोग्यांना तीन वर्षें मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीं नियमित व्यायाम दिला. बाकीच्यांना फक्त आरोग्याची पुस्तिका दिली. आठ वर्षांनीं व्यायाम करणारांपैकीं शेंकडा ९० हयात होते, पुस्तिका मिळालेल्यांपैकीं ८३. टाटा रुग्णालयांतही स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० स्त्रियांवर योगाभ्यासाची चांचणी झाली व तिचा वृत्तांत २०२२ सालीं अमेरिकेंतील सॅन अँटोनियो येथील परिषदेंत मांडला गेला. त्यांतील योगाचा क्रम ठरवितांना योगशिक्षकांच्या जोडीला डॉक्टर व भौतिकोपचार करणारेही बसले होते. याचा अर्थ व्यायामानें कर्करोग बरा होतो असा कोणीं घेऊं नये. शस्त्रक्रिया, किरण व औषधें यांची जागा व्यायाम घेत नाहीं. त्यांनीं मिळवून दिलेलें आयुष्य तो टिकाऊ व उपयोगी करतो.

येथें सावधगिरीच्याही कांहीं गोष्टी सांगितल्या पाहिजेत. भिवंडी तालुक्यांतच तानसा नदीच्या कांठीं वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथें उन्हाळीं आहेत. जखडलेलें अंग त्या ऊन पाण्यांत शेकण्यासाठीं दूरदूरचे लोक येतात, आणि संधिवाताच्या माणसाला त्यानें बरेंही वाटतें. परंतु ज्या हाताच्या बगलेंतील ग्रंथी काढल्या आहेत, तो कढत पाण्यांत बुडवून ठेवूं नये असें सांगितलें जातें. उष्णतेनें तेथें रक्त अधिक येतें, रस अधिक सुटतो, आणि जाण्याची वाट तर अरुंद झालेली असते. त्या हाताला कांटा, विळा किंवा फुटकी कांचेची बांगडी लागली तरी ती जखम साबणानें धुऊन झांकावी. कारण तुंबलेल्या रसांत जंतु झपाट्यानें वाढतात. हात लाल होऊन ताप आला तर लेप लावीत न बसतां त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. आणि सर्वांत मोठा धोका म्हणजे अडाणी चोळणें. कर्करोग कधींकधीं हाडांत उतरतो व हाड आंतून पोंखरतो. असें हाड जोरानें चोळलें किंवा ओढलें तर तें मोडतें. म्हणून कर्करोग होऊन गेलेल्याचें कंबर किंवा मांडी दुखूं लागली, तर प्रथम डॉक्टर, आणि मग हात लावणारा, हा क्रम कधींही उलटा करूं नये. भौतिकोपचार करणारा व्यायाम सांगण्यापूर्वीं रोग्याचीं कागदपत्रें पाहतो, तें याच कारणासाठीं.

आतां पुन्हां दिघाशीसारख्या गांवाकडे वळलें पाहिजे, कारण या सर्व विद्येची खरी कसोटी तेथेंच आहे. परळला येणारा रोगी कांहीं दिवस किंवा कांहीं महिने तेथें राहतो. दादरची गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा, परळचें नाना पालकर स्मृति समितीचें रुग्णसेवा सदन, अशा ठिकाणीं कित्येकांना आसरा मिळतो. मग शेवटची मात्रा होते, आणि रोगी एस. टी. च्या गाडीनें आपल्या गांवीं परततो. रोगाचा उपचार तेथें संपतो. हाताचा उपचार तेथें सुरू होतो. आखडणारा व्रण, मिटत जाणारा जबडा आणि तुंबणारा रस, यांना रोग्याचें गांव किती दूर आहे हें ठाऊक नसतें. आठवड्यांतून दोनदां मुंबईस येणें भातशेतीच्या माणसाला परवडत नाहीं. रोजही बुडतो आणि भाडेंही लागतें. तेव्हां शिकविणाऱ्यानें रोगी रुग्णालयांत असतांनाच व्यायाम त्याच्या अंगवळणीं पाडला पाहिजे, आणि त्याच्याबरोबर आलेल्या बायकोला, मुलाला किंवा सुनेलाही तो शिकविला पाहिजे. चाळीस वर्षें शेतांत राबलेल्या माणसाला व्यायाम हा शब्दच परका वाटतो. दोरीवर धुणें वाळत घालण्याइतका हात वर जावा, घागरीला हात लावतां यावा, भाकरीचा घांस तोंडांत जावा, अशा भाषेंत सांगितलें म्हणजे तो चटकन समजतो.

घरच्या माणसांचाही यांत मोठा वांटा आहे. आजारी माणसाला कांहीं करूं न देणें हें आपल्याकडे प्रेमाचें लक्षण समजतात. सून घागर हातांतून काढून घेते, मुलगा म्हणतो, आई, तूं आतां नुसती बसून राहा. ही माया खरीच. पण तिनें खांदा जखडतो, चालण्याची शक्ति जाते, आणि आपण आतां कोणाच्या उपयोगाचे नाहीं हा विचार मनांत घर करतो. त्यापेक्षां डॉक्टरांच्या अनुमतीनें आईला दारच्या भिंतीपाशीं उभें करावें, कालच्या रेघेच्या वर आजची रेघ ओढूं द्यावी, आणि संध्याकाळीं तिच्याबरोबर बांधापर्यंत चालून यावें. जड कामाकडे मात्र पायरी पायरीनें जावें. पहिल्याच आवणीला दिवसभर चिखलांत उतरूं नये. निवडणें, पाखडणें, मुठी बांधणें, मग घटकाभर लावणी, असा क्रम ठेवला तर शरीर तें सोसतें.

हॉल्स्टेड यांनीं सुजलेल्या हाताला नांव दिलें, त्याला आतां शंभराहून अधिक वर्षें झालीं. तेवढ्या काळांत स्तनाची शस्त्रक्रिया लहान झाली. बगलेंतील सगळ्या ग्रंथी काढण्याऐवजीं प्रथम एक-दोनच काढून तपासण्याची रीत १९९० नंतर आली, आणि त्यामुळें पुष्कळ स्त्रिया या सुजेपासून मुळांतच वांचूं लागल्या. कर्करोग झाला म्हणजे सगळें संपलें, ही समजूतही हळूहळू ओसरत आहे. जे वांचतात त्यांची संख्या वाढत आहे, आणि म्हणून वांचल्यानंतर काय, हा प्रश्नही घरोघर जाऊं लागला आहे. त्याचें उत्तर देण्यास मोठीं यंत्रें लागत नाहींत. शिकविणारें माणूस तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोंचलें पाहिजे, आणि शिकलेलें रोज करण्याची चिकाटी घरांत असली पाहिजे. पावसाळ्याच्या तोंडीं शेजारणी आवणीला निघाल्या असतां जी बाई मागच्या वर्षीं परळच्या खाटेवर होती, तिनेंही डोक्याला पदर गुंडाळून दोन मुठी लावाव्या, एवढ्यासाठींच हा सगळा खटाटोप आहे.